सुरभीचे कागद

वर्ग सुटायला बराच वेळ असताना रूपाली पोरीला न्यायला आली आणि चप्पल न काढता तशीच दारात उभी राहिली. रुख्माबाईनं तिच्या तोंडाकडं एकदा पाहिलं अन् ओळखलं, की ही बाई भांडायला आलेली नाही, घाबरून आलेली आहे. भांडणारीला रुख्माबाई दोन वाक्यांत वाटेला लावायची. घाबरलेल्या माणसाचं काय करायचं, ते तिला जन्मात जमलं नव्हतं.

सिंदी मेघेतल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत तिची सून सुरभी बालवर्ग घ्यायची. वस्तीतली लहान पोट्टी सकाळी रडत यायची आणि दुपारी घरी जायला रडायची, असा तो वर्ग. आत्ताही गोल करून गाणं चाललं होतं आणि सुरभीच्या मांडीवर रूपालीचीच ऋचा अंगठा चोखत बसली होती.

"ऋचा, चाल घरी."

"अवो, गाणं तं होऊ दे," रुख्माबाई ओट्यावरून म्हणाली. "का पोरीचा साखरपुडा हाये आज?"

रूपाली हसली नाही. "काकू, उद्यापासून ती नाई येणार."

"काऊन? फी टोचून राह्यली का?"

"फीचं नाई जी." रूपालीनं पर्समधून घडी घातलेले कागद काढले. तिचा नवरा प्रफुल्ल जनरेटर भाड्यानं द्यायचा, आणि त्याचे पैसे सचिनकडे अडकलेले होते. सचिन म्हणजे रुख्माबाईचा मुलगा, सुरभीचा नवरा. त्यानं कोर्टात नादारीचा, म्हणजे कर्ज फेडू शकत नसल्याचा, अर्ज टाकला होता, म्हणून जितके घेणेकरी तितक्यांच्या घरी त्या अर्जाची प्रत गेली होती. "हे कोर्टातून आलं. मी तमाशा करायले नाई आली काकू. पण मी आई आहे तिची."

"वाच न मंग! मोठ्यानं वाच," रुख्माबाई पदर खोचून उभी राहिली. "चोरीछिपीचं काई नाई त्याच्यात. मीच लावायले लावलं ते. माहा पोरगा सट्ट्यात नाई बुडला, बायकोच्या दवापाण्यात बुडला. वाच, सगळ्यायले ऐकू दे."

रूपालीनं एकदा सुरभीकडं पाहिलं. मग खाली मान घालून, शाळेत धडा वाचतात तशी वाचू लागली. "रुग्णास दुसऱ्यांची लहान मुले आपलीच आहेत असे वाटते. मूल दिसल्यास ते उचलून नेण्याची इच्छा होते. रुग्णास लहान मुलांसोबत एकटे सोडू नये."

गाणं केव्हाच थांबलं होतं. सुरभीनं ऋचाला हळूच मांडीवरून उतरवलं, तिचा फ्रॉक सारखा केला, आणि मग आपले दोन्ही हात पाठीमागं नेऊन भिंतीला टेकून उभी राहिली. जणू ते हात कोणाला दिसायला नको होते.

कागदात असं काही लिहिलेलं असेल, हे रुख्माबाईच्या स्वप्नातही नव्हतं.

*

सचिनचं बिछायत केंद्र होतं. मंडप, खुर्च्या, गाद्या, पंगतीची भांडी, सगळं भाड्यानं. कोणाचा आधार नसताना अण्णाजींनी, म्हणजे रुख्माबाईच्या मालकांनी, एका हातगाडीवर सतरंज्या टाकून ते सुरू केलं होतं आणि मरताना पोराच्या हाती भरलेलं गोदाम दिलं होतं. मग लॉकडाऊन आला. लग्नं घरातल्या घरात लागू लागली, मंडपाचं कापड गोदामात उंदरांनी खाल्लं. त्याच उन्हाळ्यात सुरभीचं बाळ पोटातच गेलं. पूर्ण दिवसांचं होतं. आणि त्यानंतर सुरभी घरातच होती, पण घरात नव्हती. दुसऱ्यांच्या अंगणात जाऊन उभी राहायची. नागपूरच्या दवाखान्यात तिला कितीतरी महिने ठेवावं लागलं. वस्तीत सांगितलं, माहेरी गेली आहे तब्येत सुधारायला.

सुरभी बरी होऊन आली. अशी बरी झाली की डॉक्टरनंच सांगितलं, लहान मुलांत रमत असेल तर रमू द्या. तिनं वर्ग काढला. वर्षं गेली. धंदा मात्र बरा झाला नाही. सचिन एकाचं घेऊन दुसऱ्याला देत राहिला, आणि शेवटी अच्युत वकील म्हणाले, आता कोर्टाकडे जाऊन सरळ सांगण्याशिवाय इलाज नाही.

दिवाळं निघालं हे रुख्माबाईनं गिळलं असतं. पण गिरणीवर दळण न्यायला गेली, तर मागून एक बाई दुसरीला सांगत होती, "त्याचं सगळं मोबाइलवरच्या सट्ट्यात गेलं म्हणते." रुख्माबाईनं तिथल्या तिथं त्या बाईची सात पिढ्यांची ओळख करून दिली. पण घरी आल्यावर पिठाचा डबा तसाच राहिला आणि ती चुलीपुढं बसून राहिली. अण्णाजींच्या घराला आजवर कोणी बोट लावलं नव्हतं.

वकील म्हणाले होते, "कर्ज कशामुळं झालं ते लिहावं लागतं. धंद्यात खोट आणि घरातलं आजारपण, एवढं पुरे."

"एवढंच लिहा," सचिन म्हणाला.

"एवढंच म्हणजे?" रुख्माबाई उसळली. "घरातलं आजारपण तं सट्टेबाजही लिहिते! ठप्प्याचा पुरावा लावा वकीलसायेब. दवाखान्याचे कागद हायेत न घरी."

"आई, सुरभीचे कागद नाई लावायचे."

"कागदच हायेत बाप्पा, तिचं कुंकू नाई मागून राह्यली मी."

सचिननं मान हलवली आणि विषय संपला असं त्याला वाटलं. रुख्माबाईचा विषय असा संपत नसे. दुसऱ्या दिवशी सुरभी वर्गात असताना तिनं सुनेची पेटी उघडली, साड्यांखालची प्लास्टिकची पिशवी काढली आणि ऑटोनं वकिलाचं ऑफिस गाठलं. अच्युत वकिलांना वाटलं, घरात बोलणं झालं असेल.

"झेरॉक्स लावतो, काकू."

"झेरॉक्सवर कोण भरोसा ठेवते? असली लावा."

"याच्या प्रती सगळ्या घेणेकऱ्यांना जातील, बरं का."

"जाऊ द्या! वाचू द्या एकेकाले."

कागद इंग्रजीत होते. रुख्माबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिच्या हिशोबानं त्यात लिहिलं होतं, की बाई आजारी होती आणि इतका खर्च झाला. दवाखान्याच्या कागदात दुसरं काय असतं? वकिलाच्या टायपिस्टनं त्याचा मराठी तर्जुमा केला, शब्दाला शब्द. कोणाला समजायला अडचण नको म्हणून.

*

गोष्ट वस्तीभर झाली आणि रूपालीनंतर बाकीच्या पोरांचे आईबाप आले. कोणी भांडलं नाही, हेच वाईट होतं. एकीच्या पोराला सर्दी झाली होती. एकीच्या सासूला आता करमत नव्हतं, नातू घरीच पाहिजे होता. एकानं तर महिन्याची उरलेली फी सोडून दिली आणि वर हातही जोडले. भांडायला आले असते तर रुख्माबाई एकेकाला पुरून उरली असती. तिनं गेटवर उभं राहून वाट पाहिली, पण लोक तिच्याशी गोड बोलून जात होते. रस्त्यानं जाताना मात्र पोरांना कडेवर घेत होते, चालणारी पोरंसुद्धा.

मग एक दिवस कोणीच आलं नाही. सुरभीनं चटई धुतली, ठोकळे धुतले, उन्हात वाळवून टोपलीत भरले.

"बोल न काई," रुख्माबाई तिच्यामागं मोरीपर्यंत गेली. "शिव्या दे मले. त्या कागदात असं लिवलं असन, हे मले का माहीत? देवाची आण."

सुरभीनं नळ बंद केला. "तुम्ही माह्या पेटीले हात लावला, आई."

एवढंच. आवाजही चढवला नाही. संध्याकाळी तिचा भाऊ गोपाल तळेगावहून आला आणि सुरभी त्याच्या गाडीवर मागं बसून माहेरी गेली. पाच वर्षांपूर्वी वस्तीत जे खोटं सांगितलं होतं, ते आता खरं झालं.

सचिन जेवायला बसला आणि न जेवता उठला. रुख्माबाई म्हणाली, "तुह्यासाठीच केलं मी. लोकं तुले सट्टेबाज म्हणून राह्यले होते."

"म्हणू द्यायचं होतं. मले काई होत नव्हतं त्यानं."

"मले होत होतं!"

"हो," सचिन म्हणाला. "तुले होत होतं."

*

चूक केली तर निस्तरायचीही आपणच, या बाबतीत रुख्माबाई पक्की होती. रोज वकिलाच्या ऑफिसात जाऊन बसू लागली. अच्युत वकील दुसऱ्या पक्षकाराशी बोलत असले तरी ती मधेच विचारायची, "माह्या सुनेचे कागद कवा वापस भेटन?" वकिलांनी समजावलं, की कोर्टात लागलेला कागद आता कोर्टाचा. घेणेकऱ्यांना तो पाहायचा हक्क आहे, कारण त्यांचा पैसा बुडतो आहे. सचिन काही लपवत तर नाही, हे त्यांना दिसलं पाहिजे.

"त्यायचा पैसा बुडला. माही सून काऊन बुडवता?"

वकिलांनी चष्मा काढून पुसला. शेवटी अर्ज टाकला, की हे वैद्यकीय कागद उघड्या नस्तीत राहू नयेत.

तारखेच्या दिवशी रुख्माबाई लग्नाकार्याला नेसायचं लुगडं नेसून कोर्टात गेली. शिपायानं सचिनचं नाव पुकारलं, लांबलचक, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं, आणि त्यापुढं 'नादार' म्हणाला नाही तरी तिला तसंच ऐकू आलं. प्रफुल्ल आणि बाकीचे घेणेकरी एका बाकावर बसले होते. एकेकाळी हीच माणसं तिच्या पंगतीत बसून बुंदी मागून घेत होती.

जज बाई होत्या, सुरभीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी कागद चाळले आणि विचारलं, "हे कागद लावताना ज्यांचे आहेत त्यांची संमती घेतली होती?"

वकील बोलायच्या आत रुख्माबाई उठली. "घरातलेच कागद हायेत, सायेब. घरातल्या कागदाले संमती कोणाची घ्याची?"

"कागद घरातले असतील, आजी. आजार त्यांचा आहे."

कोर्टभर माणसं पाहत होती. रुख्माबाई लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत म्हणाली, "चुकलं सायेब. आता ते बंद करा. माहे हातपाय चालते तवर तरी कोणाले दिसाले नोको."

प्रफुल्लला विचारलं. तो उभा राहून म्हणाला, की आमची हरकत नाही, आम्हाला पैशाचं पाहायचं आहे. आपल्या प्रतीतली ती पानं त्यानंच पहिल्यांदा काढून शिपायाच्या हातात दिली. त्याला पाहून बाकीच्यांनीही दिली. रुख्माबाईनं त्याच्याकडं पाहिलं, तर त्यानं मान फिरवली.

जजबाई म्हणाल्या, "मूळ कागद लखोट्यात घालून सील करू. वाचण्याची मुभा फक्त संबंधितांना ठेवायची का?"

"संबंधित म्हंजे?"

"तुमचा मुलगा. वकील. घरचे."

घरच्यांनीच तर हे केलं होतं. रुख्माबाईला आपलाच हात पेटीत जाताना दिसला. "नाई," ती म्हणाली. "कोणालेच नाई. पोराले नाई, वकिलाले नाई, मले तं नाईच नाई. घरच्यायचा काई भरोसा नसते, सायेब."

"कोणालाच नाही?"

"कोणालेच."

जजबाईंनी वकिलांकडं पाहिलं. वकिलांनी मान डोलावली. प्रकरण निकाली निघेपर्यंत न्यायालयाच्या परवानगीवाचून लखोटा उघडू नये, असा हुकूम झाला. तिच्यासमोर शिपायानं जाड खाकी लखोटा आणला, कागद आत घातले, लाख वितळवून ठप्पा मारला. लाखेचा वास आला. रुख्माबाईला वाटलं, कितीतरी दिवसांनी आपण एक काम नीट केलं.

*

तळेगावला जाताना तिनं गोरसपाकाच्या बिस्किटांचे दोन पुडे घेतले, कारण सुरभीला चहात बुडवून तेच लागायचे. बसमध्ये शेजारच्या बाईला तिनं विनाकारण सांगितलं, की सुनेला आणायला चालली आहे. परतीच्या बसला दोघी राहू, खिडकी सुनेला देऊ, असंही मनात ठरवून टाकलं.

गोपालच्या घरी सुरभी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. केस विंचरलेले होते, साडी नीट होती. वेडी बाई अशी नसते, असं रुख्माबाईच्या मनात आलं आणि आपलंच मन तिला चावलं.

"काय वो, माहेरचं पाणी लागलं का तुले?" ती खाटेवर टेकली. "मी जिंकून आली. कोर्टात उभी राह्यली, जजबाईसंग बोलली. सगळ्यायच्या प्रती वापस घेतल्या. तुहे कागद लखोट्यात घालून, लाख लावून, बंद! आता कोण्या मायच्या लालाले दिसणार नाई."

सुरभीचे हात थांबले. "असली कागदही?"

"असलीच तं! झेरॉक्सवर कायले लाख लावतीन? कोणालेच नाई, म्हटलं मी. तोंडावर सांगतलं जजबाईले."

"कोणालेच?"

"कोणालेच."

"मले?"

रुख्माबाईनं हातातले पुडे मांडीवर ठेवले.

सुरभी पुन्हा शेंगा सोलू लागली. दाणे ताटात पडत होते, तिचं लक्ष त्यांच्याकडं नव्हतं. मग ती म्हणाली, "बाळंतपणाच्या दवाखान्यात एक नर्स होती. बाळ तुम्ही लोकं घेऊन गेले, मले दाखवलं नाई. आईनं तोंड पाहू नाई म्हणे, जीव अडकते. तं त्या नर्सनं त्याच्या आधी तिच्या पायाले शाई लावली होती, अन् माह्या कागदाच्या मागच्या बाजूनं तिचा पाय उमटवला होता. जितं लेकरू असलं का तसं करते म्हणे. हे जितं नव्हतं, तरी केलं तिनं. मागची बाजू कोणी वाचत नाई. टायपिस्टनंही नाई वाचली. तुम्ही नाई पाह्यली. तेवढीच होती माह्यापाशी."

"अर्ज करू!" रुख्माबाई उठून उभी राहिली. "उद्याच करू. वकिलाले उद्याच सांगतो. तो कागद वापस मांगू."

"करता येईन. वकीलसायबाले मी फोन केला होता, तारखेच्या आधीच. ते म्हणे, मागता येते, पण कारण लिवा लागते. मी लिवीन, का माह्या मेलेल्या पोरीचा पाय आहे त्याच्यावर. मंग त्या अर्जाची प्रत सगळ्यायले जाईन. प्रफुल्लभाऊले, खुर्च्यावाल्याले, गादीवाल्याले." ती पहिल्यांदाच सासूच्या डोळ्यांत पाहून बोलत होती. "ते नाई वाचू देणार मी कोणाले. आजार वाचला, ठीक आहे. तिले नाई."

गोपालची बायको पाणी घेऊन आली आणि काहीतरी ओळखून तांब्या ठेवून आत गेली. रुख्माबाई पाण्याला शिवली नाही. गोरसपाकाचे पुडे तिच्या मांडीवरच होते.

"आई, तुम्ही पाह्यलं होतं न तिले?" सुरभीनं विचारलं. पाच वर्षांत हे तिनं कधी विचारलं नव्हतं. "कशी होती? सांगा न."

नदीकाठी नेताना ऑटोत रुख्माबाईच्याच हातात ती होती. नर्सनं पांढऱ्या कपड्यात डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून दिली होती. सचिन पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता, मागं वळून पाहत नव्हता. कपडा उघडायची रीत नव्हती, आणि रुख्माबाईनं उघडला नव्हता. आत्ता म्हटलं असतं, नाक तुह्यावर होतं, केस दाट होते, तर सुरभी रडली असती, आणि रडून झाल्यावर तिच्यासोबत बसमध्ये बसली असती. हे रुख्माबाईला स्पष्ट दिसत होतं. जिभेवरच होतं ते. आयुष्यभर त्या जिभेनं तिला कधी दगा दिला नव्हता.

"तोंड नाई पाह्यलं मी," ती म्हणाली. "बांधलेली होती, सुरभी. मी उघडलं नाई."

सुरभीनं हातातली शेंग न सोलताच ताटात ठेवली.

"पण जड होती. चांगली जड होती. खड्ड्यात ऑटो उसळला तं मी तिचं डोकं धरलं, जित्या लेकराचं धरते तसं. घरी येऊन दोन दिवस हात भरून आला होता माहा. कोणाले सांगतलं नाई."

सुरभीनं ताट बाजूला सारलं. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून ती त्यांच्याकडं पाहत बसली. अंगणात ऊन सरकत गेलं. आत गोपालच्या बायकोनं रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

"बस निघून जाईन, आई," शेवटी सुरभी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. रुख्माबाईला तो हवा होता.

"तू?"

सुरभीनं नकारार्थी मान हलवली. मग ताट पुन्हा ओढून घेतलं.

रुख्माबाई उठली. पुडे खाटेवर ठेवावे की परत न्यावे, हे तिला कळेना, म्हणून ते हातातच राहिले. फाटकापाशी एक लहानगं पोट्टं, शेजारचं कोणाचं तरी, आत यायला आलं होतं. सुरभीनं मान वर करून त्याला पाहिलं, आणि तिचे हात आपोआप पाठीमागं गेले. "आत जा रे मामीकडं," ती गोडीनं म्हणाली, जागची न हलता.

रुख्माबाईनं ते पाहिलं. फाटक लोटून ती रस्त्याला लागली, आणि परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा रिकामी ठेवून बसली.